फ्रीबीएसडी अपडेट: तयार बायनरी की सोर्समधून बिल्ड?

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. मशीन एकच, कर्नल (सिस्टिमचा गाभा) जेनेरिक, म्हणजे सोबत येतो तोच, आणि चालवायची तीही रिलीज आवृत्तीच, असं असेल तर तयार बायनरी आणून बसवणारं 'फ्रीबीएसडी-अपडेट' पुरे. सुरक्षेचा पॅच चहा होईपर्यंत बसतो. मीही बरीच वर्षं तेच वापरलं. स्टेबल शाखा (दोन रिलीजांमधला चालू कोड) किंवा स्वतःचा कर्नल हवा असेल तर मात्र त्याने भागत नाही, सहसा सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करावं लागतं.

माझं तसं काही नव्हतं. तरी सोर्सकडे वळलो ते ईटीसीतल्या (सेटिंग्जच्या डिरेक्टरीतल्या) फाइलींमुळे. एका मोठ्या आवृत्तीबदलात एकामागून एक फरक समोर येत गेले आणि प्रत्येकाखाली तोच प्रश्न: हे ठीक दिसतंय का? बहुतेक ठिकाणी बदललेली असायची फक्त वरची कमेंट. विसाव्या 'वाय'नंतर माणूस वाचत नाही, नुसतं बोट चालतं. त्याच झोकात एसएसएचडीची (दुरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेची) कॉन्फिग एडिटरमध्ये उघडली, मी सेव्ह करून पुढे गेलो, आणि जुनी-नवी फाइल मर्ज करताना न जुळलेल्या जागी खूण म्हणून येते ती सात कोनी कंसांची ओळ आतच राहिली. रीबूटनंतर एसएसएचडी उठेना. चूक माझीच, पण कीबोर्ड-मॉनिटर उचलून मशीनपाशी जावं लागलं ते लागलंच.

सोर्सच्या वाटेवर हे काम 'ईटीसीअपडेट' करतं. जिथे मर्ज जमत नाही ती फाइल ते बाजूला ठेवतं, जुनी तशीच चालू राहते. 'रिझॉल्व्ह' (अडलेल्या जागा हाताने जुळवणं) सवडीने करा. खुणा आत राहिल्या असतील तर 'नक्की ना?' असं विचारतंही. माझं मन तिथेच बसलं.

वेळ जातो, नाही कसं म्हणू? बिल्डवर्ल्डमध्ये (कर्नल सोडून बाकी मूळ सिस्टिम बांधण्याच्या पायरीत) क्लँग-एलएलव्हीएम हा कंपायलरच सगळ्यात जास्त वेळ खातो. माझ्या जुन्या चार कोरच्या मशीनवर रात्री लावलं की सकाळी बघायचं. मेटा मोड (बदललेलं तेवढंच पुन्हा बांधणारी सोय) चालू केला आणि त्यासाठीचं फाइलमॉन हे कर्नल मॉड्यूल लोड केलं, की पुढच्या खेपेला बरंच काम वाचतं. सुरुवातीला सोर्ससोबत येणारी, सूचनांची 'अपडेटिंग' फाइल मात्र वाचाच. इन्स्टॉलकर्नल, रीबूट, मग इन्स्टॉलवर्ल्ड हा क्रमही मोडू नका: नवा कर्नल जुनं यूजरलँड (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्या) सांभाळून घेतो, उलट्याची खात्री नाही. आणि पोर्ट्स (वरून बसवलेलं बाकीचं सॉफ्टवेअर) नव्याने बांधून होईपर्यंत जुन्या लायब्रऱ्या काढणाऱ्या 'डिलीट-ओल्ड-लिब्ज'ला हात लावू नका.

मशीन जास्त असतील तर तयार बायनरीच सोयीची, असं बरेच जण म्हणतात. असेलही. मी एकावर बिल्ड करतो आणि सोर्स व ऑब्जेक्टच्या (बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलींच्या) डिरेक्टऱ्या एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून, बाकीच्यांवर माउंट करतो. तिथे उरतं ते फक्त इन्स्टॉल.