पावसात धावायला गोर-टेक्सचे बूट: घ्यावेत का?

गोर-टेक्स म्हणजे बुटाच्या कापडाआड बसवलेला पातळ जलरोधक पडदा. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक असतात. घामाची वाफ बाहेर जाते, थेंब आत येत नाही. भुरभुर पाऊस, ओलं गवत, दव, एवढ्यापुरते हे बूट उत्तम. लंडनच्या हिवाळ्यात धावणाऱ्यांनी खुशाल घ्यावेत.

पण जुलैतली मुंबई? रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं की ते वरून, मोज्याच्या कडेने आत शिरतं, आणि मग तोच पडदा त्याला बाहेर पडू देत नाही. बूट भरलेल्या बादलीसारखा जड होतो, पायाची कातडी मऊ पडते, टाचेला फोड येतात. दमट उकाड्यात वाफही धड निघत नाही, म्हणजे पाऊस नसला तरी मोजे घामाने चिंब. साधा जाळीचा बूट लगेच भिजतो खरा, पण पावलागणिक पाणी बाहेर फेकतो. आपल्याकडे तोच बरा, आणि स्वस्तही. मोजे मात्र सुती नकोत.

घसरण्यावर गोर-टेक्स काहीच करत नाही. ते काम बुटाच्या तळाच्या रबराचं. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं इथे पावलं आखूड टाका. (गडगडाट ऐकू आला तर बूट कुठलाही असो, पक्क्या इमारतीत शिरा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.)

वाळवताना आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. हीटरसमोर ठेवलेत तर गोंद सुटतो.