कोबाल्ट-क्रोमियमची एमएफएम टिप: कडक नमुन्यावर चोख, मऊ नमुन्यावर आगाऊ

एमएफएमसाठी (मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपी, म्हणजे बारीक टोक फिरवून नमुन्याचं चुंबकीय चित्र घेणं) सर्रास वापरली जाते तीच ही टिप. सिलिकॉनचा कॅन्टिलिव्हर (एका बाजूनं धरलेली, कंप पावणारी सूक्ष्म पट्टी), वारंवारता ७५ किलोहर्ट्झच्या आसपास, स्प्रिंग स्थिरांक साधारण ३ न्यूटन प्रति मीटर आणि टोकावर कोबाल्ट-क्रोमियमचा लेप. लेपामुळे टोक जाड होतं, त्यामुळे साध्या हवेत ५० नॅनोमीटरपेक्षा बारीक चुंबकीय तपशील सहजी हाती लागत नाही.

बसवण्याआधी टिप चुंबकित करावीच लागते. निओडिमियमचा चुंबक टोकाच्या अक्षाला धरून काही सेकंद जवळ नेला की काम होतं. चिमटा मात्र बिगरचुंबकीय हवा. स्टीलचा चिमटा चुंबकाकडे झेपावतो आणि टिप जाते.

हार्ड डिस्कच्या तबकडीच्या तुकड्यावर ही टिप खूश करते. ५० नॅनोमीटर लिफ्ट (उंची मोजून झाल्यावर दुसऱ्या फेरीत टोक पृष्ठभागापासून जितकं वर ठेवतात ते अंतर) ठेवली की बिटांचे काळे-पांढरे पट्टे पहिल्याच स्कॅनमध्ये उमटतात. लिफ्ट २० च्या खाली नेली तर पृष्ठभागाचे उंचवटे फेजच्या, म्हणजे चुंबकीय, चित्रात डोकावू लागतात.

खरी पंचाईत पर्मलॉयवर, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या मऊ अशा निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूवर. टिपचं स्वतःचं क्षेत्रच डोमेन भिंतींना (वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित भागांमधल्या सीमांना) ढकलतं. चित्रात भिंत मध्येच आडवी तुटलेली दिसली, किंवा जाताना-येतानाच्या रेषा जुळल्या नाहीत, तर दोष नमुन्याचा नाही, टिपचा. अशा वेळी लिफ्ट वाढवून फारसं साधत नाही, कारण उंची मोजणाऱ्या पहिल्या फेरीत टोक नमुन्याला टेकतंच, आणि भिंत तेव्हाच सरकलेली असते. पातळ लेपाची, कमी मोमेंटची (कमी चुंबकीय ताकदीची) आवृत्ती घ्यावी. तिचा सिग्नल क्षीण असतो, म्हणून स्कॅनचा वेग निम्म्यावर आणावा लागतो. पण निदान दिसतं ते नमुन्याचं असतं.

दिसतंय ते चुंबकीयच आहे का, ही शंका राहिली तर टिप उलट दिशेनं चुंबकित करून तोच भाग पुन्हा घ्या. चुंबकीय काळं-पांढरं उलटतं. जे उलटत नाही ते उंचवट्यांचं किंवा स्थिरविद्युत बलाचं. स्थिरविद्युत बलासाठी नमुना अर्थ करा (जमिनीला जोडा), किंवा बायस (ठरावीक व्होल्टेज) देऊन ते मारा.

टिकाऊपणा बेताचाच. डिस्कचा तुकडा हाताशी ठेवून अधूनमधून टिप तपासावी. उंचीचं चित्र धारदार पण पट्टे फिके, तर टिप पुन्हा चुंबकित करा. तरीही पट्टे परतले नाहीत, तर टोकावरचा लेप घासला गेलाय. ती टिप साध्या टॅपिंगसाठी (फक्त उंचीच्या चित्रासाठी) बाजूला काढा.