नांदूर मध्यमेश्वर : बदके ओळखायला शिकवणारी सकाळ

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यामागे गाळ साचत जाऊन जे उथळ पाणथळ क्षेत्र तयार झाले, तेच आजचे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा ठरले. नोव्हेंबरच्या अखेरीस मी तेथे केवळ बदके पाहण्यासाठी गेलो होतो. चापडगावच्या बाजूने एका स्थानिक गाइडसोबत घालवलेल्या सकाळविषयी हा अभिप्राय आहे.

पूर्वी अन्यत्र मला असे गाइड भेटले होते, जे बोट दाखवून नाव सांगत आणि पुढे चालू लागत. या तरुणाने मात्र पहिली पंधरा मिनिटे एकही नाव सांगितले नाही. रंग विसरा, आधी चोच पाहा आणि पक्षी पाण्यावर कसा बसला आहे ते पाहा, एवढेच तो सांगत राहिला. या सल्ल्याला कारण आहे. उत्तरेकडून येणाऱ्या अनेक बदकांचे नर हिवाळ्याच्या सुरुवातीला मादीसारख्याच मळकट पिसाऱ्यात असतात. भुवई बदकाच्या नराची ज्या पांढऱ्या भुवईवरून ओळख पटते, तीच त्या दिवसांत नसते. त्यामुळे पुस्तकातील चित्र घेऊन गेलेला नवखा माणूस हमखास गोंधळतो.

चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्यांमध्ये मी नेहमी चुकत असे. गाइडने स्कोप, म्हणजे तिपाईवर बसवायची एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, लावून दिला आणि चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाशी असलेली बारीक फिकट रेघ शोधायला लावली. दोन पक्षी वळले, तिसऱ्याच्या अंगावर ती रेघ स्पष्ट दिसली, आणि त्यानंतर तासाभरात मी एकदाही विचारले नाही. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच तर लांबूनही लपत नाही. तलवार बदके शेपटी वर करून, मान पूर्ण बुडवून चरत होती. लांब मानेमुळे ती इतरांपेक्षा थोड्या खोल पाण्यातही तळापर्यंत पोहोचतात. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी असलेले दोन लाल ठिपके पाहिल्यावर हे नाव ठेवणाऱ्याच्या नजरेचे मला मनापासून कौतुक वाटले.

माझी एक तक्रार आहे, परंतु ती या सेवेविषयी नाही. येताना शहरातील एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या तिपाईचा स्क्रू ढिला निघाला आणि माझा स्वतःचा कॅमेरा सबंध वेळ पिशवीतच राहिला. भाड्याचे साहित्य दुकानातच जोडून पाहावे. गाइडचा स्कोप मात्र स्वच्छ आणि स्थिर होता.

सूर्योदयापूर्वी पोहोचणे आवश्यक आहे. दहा वाजल्यानंतर तापलेल्या हवेत पाण्यावरची आकृती थरथरू लागते आणि चांगल्या स्कोपमधूनही चोचीचा आकार नीट कळत नाही. आठ पटींची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. नर पूर्ण रंगात पाहायचे असतील तर फेब्रुवारी अधिक योग्य. मी त्याच गाइडला फेब्रुवारीतील एका रविवारसाठी आताच सांगून ठेवले आहे.