दारव्ह्यातील कॅसेट-वाचन सेवा : स्पेक्ट्रमवरचे जुने प्रोग्राम परत मिळाले, त्याविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याच्या बाजारपेठेत लाउडस्पीकर, ॲम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक जुने दुकान आहे. लग्नसराईत आणि दुर्गादेवीच्या दिवसांत तेथे उभे राहायलाही जागा नसते. याच दुकानात १९८०च्या दशकातील घरगुती कॉम्प्युटरच्या कॅसेट वाचून त्यांतील प्रोग्राम परत काढून देण्याचे काम होते, हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या कॅसेट मी तेथे दिल्या होत्या. हे काम किती काटेकोरपणे करता येते ते मला तेथे पाहायला मिळाले, म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

दादा जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) हिशेबाचे काम करीत आणि उरलेल्या वेळात झेडएक्स स्पेक्ट्रमवर प्रोग्राम लिहीत. सिंक्लेअर कंपनीने हा कॉम्प्युटर १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आणला आणि पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची ‘प्लस’ आवृत्ती परवान्याने विकली. त्याला डिस्क नव्हती. गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच प्रोग्राम आवाजाच्या रूपाने साठवला जाई. सरकारच कापूस विकत घेत असे, त्या एकाधिकार खरेदीच्या काळात दादांनी गाडीचे वजन, प्रत, दर आणि वजाती (कपात) भरली की चुकारा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची रक्कम, काढून देणारा प्रोग्राम लिहिला होता, आणि पडद्यावर काही शब्द देवनागरीत उमटावेत म्हणून अक्षरेही स्वतः आखली होती. यातले काहीच कागदावर उतरवलेले नव्हते. दादा गेले, कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि उरल्या त्या फक्त माळ्यावरच्या पेटीतल्या, बुरशी धरलेल्या कॅसेट.

दुकानमालकांनी कॅसेट हातात घेतल्यावर ती लगेच वाजवून पाहिली नाही, ही मला त्यांच्या कामातील पहिली चांगली गोष्ट वाटली. फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी विदर्भाच्या उन्हाळ्यात डिंक सुकून गळून पडलेली असते, आणि अशी कॅसेट वाजवली तर आवाज क्षीण व अस्थिर येतो. त्यांनी स्क्रू काढून फीत नव्या कवचात बसवली, बुरशी कोरड्या मऊ कापडाने पुसली आणि दादांच्या अक्षरातील लेबल असलेले जुने कवच जपून बाजूला ठेवले. त्यानंतर त्यांनी डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी हळूहळू फिरवून हेडचा कोन फितीशी जुळवला. ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्डिंग झाले त्याच्या हेडचा कोन आजच्या डेकशी जुळेलच असे नसते आणि तो चुकला की वरच्या पट्टीचा आवाज बोथट होतो. गाणे त्यातूनही ऐकू येते, डेटा मात्र हातचा जातो.

याआधी मी एका मोठ्या शहरातील दुकानातून याच कॅसेट ‘डिजिटल’ करून आणल्या होत्या. त्यांनी खरखर काढून, आवाज समपातळीवर आणून, एमपीथ्री फाइली दिल्या. ऐकायला त्या स्वच्छ होत्या, पण त्यांतून एकही प्रोग्राम निघाला नाही. त्याचे कारण दारव्ह्यात समजले. कॉम्प्युटरचा प्रोग्राम शून्य आणि एक या बिटांचा बनलेला असतो. स्पेक्ट्रमच्या नेहमीच्या पद्धतीत शून्याचे स्पंद (आवाजाचे ठोके) सुमारे २४४ मायक्रोसेकंदांचे आणि एकाचे त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४८९ मायक्रोसेकंदांचे असतात. प्रत्येक बिटासाठी असे दोन स्पंद लागतात. डिजिटल करताना आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर लहान स्पंदाच्या वाट्याला जेमतेम ११ नमुने येतात. लाटेने शून्यरेषा नेमकी कोठे ओलांडली यावरच सारे वाचन अवलंबून असल्यामुळे, खरखर काढणाऱ्या प्रक्रियेने तो आकार थोडा जरी घासला तरी शून्य आणि एक यांतील फरक पुसट होतो. म्हणून हे दुकान कोणतीही सफाई न केलेली वेव्ह फाइल आधी जतन करते, स्टिरिओ हेडच्या दोन बाजूंपैकी जी स्पष्ट असेल ती वाचनासाठी निवडते आणि पुढचे सर्व काम तिच्या प्रतीवर करते.

खरे कौशल्य त्यानंतर दिसते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते, तेव्हा स्पेक्ट्रमचे एक अक्षर, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट, फितीवर साधारण पाव मिलिमीटर जागा घेते. बुरशीचा एक ठिपका एवढी जागा सहज खातो. चुकाऱ्याच्या प्रोग्राममध्ये नेमका दराच्या आकड्यातला मधला अंक असा गेला होता : ५, मग काहीच नाही, मग ०. स्पेक्ट्रम फितीवरील डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी एक तपासणी-बाइट लिहितो. तो आधीच्या सर्व बाइटांवरून एक्सॉर पद्धतीने (दोन बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक) काढलेला असतो, आणि गेलेला बाइट एकच असेल व त्याची जागा ठाऊक असेल तर तो यावरून नेमका काढता येतो. उत्तर आले ४. मालक तेवढ्यावर थांबले नाहीत. स्पेक्ट्रमची बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा प्रोग्राममधली संख्या दोनदा साठवते : एकदा वाचता येणाऱ्या अंकांत, आणि त्यामागे लपलेल्या पाच बाइटांत. ते पाच बाइट शाबूत होते व त्यांत २८ आणि २ हे आकडे होते. २ गुणिले २५६ अधिक २८, म्हणजे ५४०. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच दर आला, तेव्हाच त्यांनी तो ओळीत भरला आणि सोबतच्या कागदावर तसे नोंदवले.

दुसऱ्या प्रोग्राममध्ये एका रेम (फक्त टिपेसाठी असलेल्या) ओळीत दादांनी रोमन अक्षरांत ‘कवडी’पासून सुरू होणारी टीप लिहिली होती व तिच्या पुढच्या शब्दातील दोन अक्षरे गेली होती. दोन बाइट गेले की तपासणी-बाइटाचा उपयोग होत नाही, आणि टिपेला संख्येसारखी दुसरी नोंदही नसते. तो शब्द कोणता असावा हे वहिनींनी सुचवले. कवडी (किडका, हलक्या प्रतीचा) कापूस वेगळा तोलण्याची रीत आठवली तर तो पटण्यासारखाही होता. मालकांनी तरीही प्रोग्राममध्ये त्या जागी प्रश्नचिन्हेच ठेवली आणि वहिनींचा तर्क स्वतंत्र कागदावर लिहून दिला. “सर, जे टेपात नाही ते मी कायले लिहू?” एवढेच ते म्हणाले. माझ्या मते या सेवेचे सर्वात मोठे मोल येथे आहे. वाचलेले, हिशेबाने सिद्ध केलेले आणि केवळ तर्काने सुचलेले हे तीन प्रकार वेगळे ठेवले नाहीत, तर परत आलेला प्रोग्राम दादांचा राहत नाही.

एका कॅसेटच्या शेवटी एक लहान गठ्ठा सापडला, ज्याची मला कल्पनाच नव्हती. त्याच्या शीर्षकात लांबी १६८ बाइट आणि मेमरीतील सुरुवातीचा पत्ता ६५३६८ होता. ४८ के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः आखायची २१ अक्षरे याच पत्त्यापासून ठेवलेली असतात आणि प्रत्येकाला आठ बाइट लागतात. २१ गुणिले ८, १६८. ती दादांची देवनागरी होती. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत ‘क’ बसवताना त्यांनी मधला दांडा एका ठिपक्याने उजवीकडे सरकवून डाव्या पोटाला जागा करून दिली आहे. ती चौकट मी बराच वेळ पाहत बसलो.

या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बेसिक प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे लिहिलेला मूळ मजकूर, फितीवर असतोच, म्हणून तो जवळजवळ पूर्ण परत मिळतो. मशीन कोडचे, म्हणजे कॉम्प्युटरला थेट समजणाऱ्या आकड्यांतील सूचनांचे, तसे नाही. असेंब्लीत (या सूचना शब्दांत लिहिण्याच्या भाषेत) लिहिलेला मूळ मजकूर वेगळा साठवला नसेल, तर उलट वाचन करून सूचना मिळतात, पण लिहिणाऱ्याने दिलेली नावे आणि टिपा कायमच्या जातात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९च्या ॲपल टू कॉम्प्युटरवरील खेळाचा असेंब्ली सोर्स २०१२ साली वाचवता आला, कारण तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांकडे त्याच्या फ्लॉप्या सापडल्या. दादांच्या एका मशीन कोड गठ्ठ्याचा असा मजकूर कोठेच मिळाला नाही, आणि मालकांनी तो सूचनांच्या यादीपुरताच दिला. फ्लॉपीचे काम ते घेत नाहीत. त्यासाठी चुंबकीय बदल थेट टिपणारे ग्रीझवीझलसारखे साधन लागते, ते त्यांच्याकडे नाही.

तक्रार दोन बाबतींत आहे. कॅसेट घेताना लेखी पोच दिली जात नाही, आणि ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही तिच्या बाबतीत हे मला अजिबात पटलेले नाही. पेन ड्राइव्हवरील फाइलींना केवळ क्रमांक होते, त्यामुळे कोणती फाइल कोणत्या कॅसेटची हे मला पुन्हा जाऊन विचारावे लागले. कॅसेटच्या एका बाजूला ३५० रुपये घेतात आणि काहीच निघाले नाही तर साफसफाईचे १०० रुपये; एवढ्या मेहनतीच्या मानाने हा दर कमीच आहे. लग्नसराईत मात्र काम मागे पडते, पावसाळ्यात जाणे बरे.

कॅसेट देताना कॉम्प्युटर कोणता होता हे चिठ्ठीवर अवश्य लिहून द्यावे. केंद्र सरकारच्या क्लास या शाळांतील कॉम्प्युटर-शिक्षणाच्या योजनेतून १९८४-८५ पासून शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर मिळाले होते. त्यांच्या कॅसेटवर डेटा जास्तीत जास्त २५६ बाइटांच्या तुकड्यांत असतो व प्रत्येक तुकड्याची तपासणी स्वतंत्र असते, त्यामुळे एक तुकडा गेला तरी उरलेले खात्रीने वाचता येतात. कोणा शाळेच्या कपाटात अशा कॅसेट निघाल्या, तर त्या आधी घरच्या टेपरेकॉर्डरवर वाजवून पाहू नयेत. पट्टा सैल झालेला डेक फीत ओढून गुंतवतो, आणि चुरगळलेल्या जागेवरचा डेटा मग या दुकानालाही काढता येत नाही.