सोसायटीचं अ‍ॅप, सेक्रेटरी काकांचा नमस्कार आणि पाचपैकी अडीच स्टार

आमच्या सोसायटीने दीड वर्षापूर्वी एक अ‍ॅप घेतलं, तेच ते नेहमीचं, मेंटेनन्स भरा, गेटवर कोण आलंय बघा, कम्प्लेंट टाका, नोटीस वाचा, सगळं एकात. नाव लिहीत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये, पण रिव्ह्यू लिहिणार, कारण कमिटीत मी आहे आणि लोकांच्या शिव्या मी खाल्ल्यात. गेटचं काम झकास, मेंटेनन्सची पावती लगेच येते, त्याबद्दल तक्रार शून्य. बाकीचे स्टार कापलेत ते इमोजीपायी. हसा खुशाल, आमच्याकडे पण सगळे हसलेच होते.

झालं असं की टाकी धुवायची होती. सेक्रेटरी काकांना कुठलाही मेसेज हात जोडल्याशिवाय सुरू करताच येत नाही, मग त्यांनी आदल्या संध्याकाळी अ‍ॅपवर टाकलं, नमस्कार, पुढे हात जोडलेला इमोजी, आणि मग "उद्या सकाळी ९ ते दुपारी ४ बी विंगचं पाणी बंद राहील, भरून ठेवा". अ‍ॅपमध्ये काय दिसलं? "नमस्कार". बास. पुढचं सगळं गुल. लोकांनी पण आपलं "नमस्कार काका" म्हणून उत्तरं दिली, एकाने विचारलं तब्येत बरी आहे ना. काकांना वाटलं वा, काय रिस्पॉन्स आहे. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मला फोन, समोरचा माणूस डोक्याला शाम्पू लावून बाथरूममध्ये उभा.

कंपनीच्या कस्टमर केअरला तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं तर उत्तर आलं, कृपया नोटीसमध्ये स्पेशल कॅरेक्टर्स वापरू नका. आमच्या सोसायटीत स्पेशल कॅरेक्टर्स भरपूर आहेत हो, पण ते इमोजी नाहीत.

माझा आतेभाऊ याच धंद्यात आहे, त्याला स्क्रीनशॉट पाठवला तर तो नुसता हसला, म्हणे ताई हा फार जुना आजार आहे. त्याने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मोबाईलवर लिहिलेलं प्रत्येक अक्षर बाइटमध्ये साठवतात, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, आपल्या देवनागरी अक्षराला ३ आणि इमोजीला बहुतेक वेळा ४. आता मायएसक्यूएल म्हणून जो डेटाबेस, म्हणजे अ‍ॅपची माहिती ठेवायचं कपाट, गल्लोगल्ली वापरतात, त्यात अक्षरं साठवायचा "यूटीएफ८" नावाचा जो प्रकार होता तो ३ बाइटपर्यंतच घ्यायचा. म्हणजे मराठी बरोब्बर मावायची आणि इमोजी आला की डबा भरला! आणि सेटिंग जुनं ढिलं असेल तर तो एरर पण देत नाही, इमोजीपासून पुढचं सगळं गपचूप कापून टाकतो. म्हणून तर टेस्टिंगमध्ये कोणाला कळलं नसणार, मराठीत टाइप करून बघितलं, दिसलं, झालं काम. यावरचा उपाय, ४ बाइट घेणारं "यूटीएफ८एमबी४", २०१० पासून उपलब्ध आहे आणि २०१८ च्या ८.० व्हर्जनपासून तर तेच डिफॉल्ट आहे. म्हणजे आमच्या अ‍ॅपवाल्यांनी काहीतरी जुनंपुराणं उचलून आणलं असणार, असं तो म्हणाला, मी नाही.

एक गंमत अजून. ज्यांनी वर आलेलं नोटिफिकेशन तिथल्या तिथे वाचलं त्यांना पूर्ण मजकूर दिसला होता, कारण ते डेटाबेसमध्ये न जाता थेट निघतं. म्हणजे अर्ध्या विंगने बादल्या भरल्या आणि अर्धी विंग बोंबलत बसली, आणि दोघांनाही वाटतंय समोरचा खोटं बोलतोय.

चार तिकिटं टाकल्यावर अपडेट आलं आणि हा प्रॉब्लेम सुटला, क्रेडिट देते. मग दिवाळी आली. कोणीतरी शुभेच्छांमध्ये पणतीचा इमोजी टाकला आणि तळमजल्यावरच्या आजी फोन घेऊन माझ्याकडे, "अगं ही चौकट कसली आलीय?" पणती, रिक्षा, साडी, देऊळ हे आपले सगळे इमोजी २०१९ मध्ये आले आणि अँड्रॉइडवर १० व्या व्हर्जनपासून दिसतात, आजींचा फोन आठव्या व्हर्जनवरचा. पण आजींचा मुद्दा वकिली होता, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मला पणती दिसते! बरोबर आहे, व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइडवर स्वतःची चित्रं स्वतः घेऊन येतं, फोनच्या भरवशावर राहत नाही. आणि बाकीच्यांनाही तसं करायला गूगलने २०१७ मध्येच तयार लायब्ररी, म्हणजे अ‍ॅपमध्ये जोडायचा आयता कोड, दिलीय, अँड्रॉइड ४.४ पर्यंतच्या जुन्या फोनवर चालणारी. आमच्या अ‍ॅपने ती अजून घातलेली नाहीये. इथे अर्धा स्टार गेला.

नावाच्या रकान्यातली मजा बघा. २० अक्षरांची मर्यादा आहे, ठीक, पण एकीने आडनावापुढे आई-बाबा-मुलगी-मुलगा असा फॅमिलीवाला इमोजी टाकला तर नाव मोठं झालं म्हणे. तो एक इमोजी आपल्याला एक दिसतो, आत मात्र चार माणसं आणि त्यांना चिकटवणारे तीन अदृश्य जोड असतात, माणूस दोन अक्षरांचा आणि जोड एकाचा धरून अ‍ॅपच्या हिशोबाने ११ अक्षरं. ती खोडायला गेली तर बॅकस्पेस दाबला की आधी मुलगा गेला, मग मुलगी, मग बायको, शेवटी बाबा एकटेच उरले. आम्ही ऑफिसमध्ये पोट धरून हसलो पण हे नीट करायला हवं ना.

एसएमएसचं मात्र हसण्यासारखं नाही कारण तिथे पैसे जातात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना नोटीस एसएमएसने जाते आणि सोसायटीला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. रोमन लिपीत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं, पण त्यात एक जरी इमोजी घुसला तर मर्यादा ७० वर येते, म्हणजे दीडशे अक्षरांच्या एकाचे तीन होतात, एका अंगठ्यापायी. मराठीत लिहिलं तर तसंही ७० च. हे अ‍ॅपने पाठवायच्या आधी सांगायला नको? बिल आल्यावर आम्हाला कळलं.

१५ ऑगस्टचं जाऊ दे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिरंग्याच्या जागी आय आणि एन अशी दोन अक्षरं दिसली म्हणून मी अ‍ॅपवाल्यांनाच झापलं, नंतर कळलं विंडोजच्या स्वतःच्या इमोजीत देशांचे झेंडेच नाहीत. मग मीच त्यांना सॉरी म्हणाले.

जे नाही भरून निघालं ते म्हणजे जुना डेटा. अपडेट आलं तरी आधी कापलेलं परत आलं नाही, येणार पण नाही, कारण ते साठवलंच गेलं नव्हतं. मागच्या एजीएमचे, म्हणजे वार्षिक सभेचे, मिनिट्स तिसऱ्या ठरावापाशी थांबलेत, तिथे कोणीतरी "मंजूर" पुढे अंगठा टाकला होता. नशीब आमच्या खजिनदार वहिनी अजून रजिस्टर लिहितात.

तुम्ही कुठलंही अ‍ॅप घेत असाल तर डेमोला आलेल्या मुलासमोर वाक्याच्या मधोमध एक इमोजी टाका, सेव्ह करा, अ‍ॅप बंद करून परत उघडा आणि पुढचं वाक्य आहे का बघा. दोन मिनिटं लागतात. आम्ही त्या दिवशी वडापाव मागवला होता आणि अ‍ॅपचा रंग कुठला आवडतो यावर चर्चा केली.

रिन्यूअल मार्चमध्ये आहे, बहुतेक करू, गेटसाठी. परवा पुन्हा टाकी होती, काकांनी अ‍ॅपवर हात जोडून नोटीस टाकली, पूर्ण दिसली, आणि तरीसुद्धा रात्री दहाला खाली जाऊन त्यांनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला.