सहा फुटी झाड, दिव्यांच्या माळा, स्टार, गोठा आणि स्पीकर: एक नाताळ आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

वसईच्या खाऱ्या हवेत नाताळचं सामान दोनदा कसाला लागतं. एकदा आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंतच्या सहाएक आठवड्यांत, आणि दुसऱ्यांदा जून ते सप्टेंबर माळ्यावर पडून असताना. खाली लिहिलंय ते या दोन्हींतून गेलेल्या सामानाबद्दल. नवीन घेणाऱ्याने आधी माळांचा भाग वाचावा, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

झाड पीव्हीसीचं, सहा फुटी, तीन भागांत जोडायचं. दुकानात उंची विचारतात तशीच फांद्यांच्या टोकांची संख्याही विचारा. सहा फुटाला पाचशे-सहाशे टोकं असतील तर मधला लोखंडी पाइप दिसत राहतो. आठशेच्या पुढे झाड भरलेलं वाटतं. फांद्या बिजागरीच्या घ्या. हुकाने अडकवायच्या फांद्यांचे रंगीत ठिपके वर्षभरात पुसतात आणि कुठली कुठे हे ओळखता येत नाही. उघडताना खालच्या थरापासून सुरुवात करायची, प्रत्येक फांदीची टोकं खोडाकडून बाहेरच्या बाजूला एकेक करून फिरवायची: एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाऊण तास जातो. हे काम घाईत उरकलं की महागडं झाडही केरसुणीसारखं दिसतं. स्टँड लोखंडीच हवा. प्लॅस्टिकच्या स्टँडला स्क्रू जातो तिथेच तडा जातो आणि झाड कलायला लागतं.

आता माळा. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळते ती थेट 230 व्होल्टवर चालणारी माळ. तिच्यातले दिवे सिरीजच्या, म्हणजे एकामागोमाग एक, गटांत जोडलेले असतात, त्यामुळे एका दिव्याचा पाय गंजला की अख्खा गट विझतो. पावसाळ्यानंतर अशा माळेचा एखादा गट मेलेला निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्याहून गंभीर बाब अशी की झाडाचं खोड लोखंडी, फांद्यांच्या आत तार, आणि या माळेचं वेष्टण पातळ. फांदीच्या तारेचं धारदार टोक त्यात घुसलं तर झाडालाच करंट येऊ शकतो. लहान मुलं असलेल्या घरात ही माळ झाडावर चढवूच नये. अॅडॅप्टरवर 24 किंवा 31 व्होल्टवर चालणारी माळ घ्या. दीडपट-दुप्पट पैसे पडतात, ते योग्य आहेत.

यूएसबीवर चालणारी तांब्याच्या बारीक तारेची माळ दिसायला सुंदर, पण पाच व्होल्टवर ती लांबीला मार खाते. दहा मीटरच्या माळेचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा स्पष्ट मंद दिसतं, कारण तारेच्या रोधात व्होल्टेज पडतं. पाच-पाच मीटरच्या दोन माळा खोडाच्या मध्यापासून एक वर, एक खाली अशा नेल्या की उजेड सारखा पडतो. ही तार जिथे वारंवार दुमडते तिथे तिच्यावरचं रोगण निघतं आणि खाऱ्या हवेत हिरवा थर धरतो. म्हणून ती बोटांवर गुंडाळून ठेवायची नाही. पुठ्ठ्याच्या रुंद तुकड्यावर सैल गुंडाळायची.

सहा फुटी झाडाला तीनशे ते चारशे दिवे पुरतात. रंग वॉर्म व्हाइट, खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेला. 6000 च्या पुढचा पांढरा हिरव्या झाडावर निळसर आणि दवाखान्यातल्यासारखा लागतो. माळ आठ प्रकारे लुकलुकवणारी डबी असेल तर ती शेवटची निवड लक्षात ठेवते का, हे दुकानातच प्लग काढून-लावून बघा. नाहीतर रोज संध्याकाळी स्थिर उजेडासाठी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसावं लागतं. आधी माळ, मग मोठे गोळे फांदीच्या आत, छोटे टोकांना, असा क्रम ठेवला की उजेड आतून येतो आणि झाडाला खोली येते.

व्हरांड्यातला स्टार बांबूचाच. दोन फुटी स्टारला दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात: पाच-पाचच्या दोन चांदण्या करून त्यांची पाच टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच कोनांत पाच-सहा इंचांचे आडवे तुकडे घालून त्या फुगवायच्या. जिलेटीन पेपर पहाटेच्या दवाने सैल पडतो आणि ऊन लागलं की ताणून फाटतो. पतंगाचा किंवा बटर पेपर जास्त टिकतो. खळ मैद्याची, एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, आणि त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी असतं, तेव्हा खळीसाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. आत पाच ते सात वॅटचा एलईडी बल्ब पुरेसा आहे. मागच्या बाजूला हात जाईल एवढी जागा उघडी ठेवा. बंद स्टारमध्ये उष्णता कोंडते आणि बल्बच्या बुडातलं सर्किट आधी जातं, मग लोक बल्बला दोष देतात. बाहेरची वायर होल्डरकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्यायची, म्हणजे दवाचं पाणी झोलावरून ठिबकतं, होल्डरमध्ये शिरत नाही.

येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यासाठी नोव्हेंबरात झोडणी झाल्यावर मिळणारा ताजा पेंढा उत्तम, फक्त दोन दिवस कडक उन्हात ठेवायचा, नाहीतर किडे घरभर होतात. पेंढ्याजवळ जुना झिरो बल्ब नको. हिरवळीसाठी नाचणी रात्रभर भिजवून 12 डिसेंबरच्या सुमारास परडीत पेरा, गहू 14-15 ला. पहिले दोन दिवस झाकून ठेवायचं, मग उजेडात. पाणी फवाऱ्याने, ओतलं की बुरशी. महिन्याच्या सुरुवातीला पेरलेला गहू 24 पर्यंत पिवळा पडून आडवा होतो. प्लॅस्टरच्या मूर्तींचा रंग कोपरांना आणि मेंढ्यांच्या कानांना आधी उडतो. फायबरच्या जड नसतात आणि ओल धरत नाहीत. बाळ येशू 24 च्या रात्रीच ठेवायचा, आणि बाळाला भेटायला येणारे तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज थोडे पुढे, म्हणजे 6 जानेवारीच्या त्यांच्या सणाला ते गोठ्यापाशी पोचतात. मुलांना हे सगळ्यात आवडतं. 26 लाच सगळं आवरून टाकणाऱ्या घरांत राजे कधी गोठ्यापर्यंत पोचतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

संगीतही असंच टप्प्याटप्प्याने लावावं. 1 डिसेंबरपासून जिंगल बेल्स वाजत राहिलं की 25 ला कुणाचं लक्षच जात नाही. आमचा आग्रह तीन याद्यांचा. आगमनकाळासाठी संथ, वाट पाहण्याची गाणी, पंचवीस-तीस मिनिटांची, संध्याकाळच्या प्रार्थनेला. 24 च्या रात्रीपासून कॅरोल्स, म्हणजे नाताळची गाणी: मराठी, कोकणी, इंग्रजी मिसळून, दीड तास. आणि पाहुणे जेवायला असताना फक्त वाद्यसंगीत, कारण शब्द असले की माणसं मोठ्याने बोलायला लागतात आणि मग आवाज वाढतच जातो. 'सायलेंट नाइट' 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्या साथीवर. त्याची मोठ्या वाद्यवृंदाची आवृत्ती गोठ्यासमोर जड होते, दोन आवाज आणि गिटार असलेली शोधा.

गाण्यांच्या अॅपमध्ये आवाज समान ठेवण्याची सेटिंग चालू करा. जुनी ध्वनिमुद्रणं हळू आणि नवी कर्कश अशी उडी त्याने पुष्कळ कमी होते. गाण्यावर गाणं चढवणारा क्रॉसफेड जेवणाच्या यादीला चालतो, कॉयरच्या (चर्चच्या गायकवृंदाच्या) गाण्यांना मात्र बंद करा. शेवटचा विरत जाणारा सूर तो खाऊन टाकतो. गाणी डाउनलोड करून ठेवा, ऐन प्रार्थनेत जाहिरात नको. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की बास घुमतो. भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. दहा वॅटचा स्पीकर बैठकीच्या खोलीला भरपूर होतो. अंगणात लावणार असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम पाळा.

बांधाबांध जानेवारीच्या कोरड्या हवेतच करा. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळल्या की पावसाळ्यात शाई पांढऱ्या प्लॅस्टरवर उतरते. जुनं सुती कापड वापरा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑगस्टात एकदा उघडून बघा: निळे दाणे गुलाबी झाले असतील तर बदला. डांबरगोळ्या थर्माकोलच्या सजावटीजवळ ठेवू नका, थर्माकोल विरघळल्यासारखा खड्डे पडून चिकट होतो. माळांच्या रिमोटमधले सेल काढा. स्पीकर वर्षभर वापरात नसेल तर अर्ध्या चार्जवर ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी डिसेंबरात उठत नाही.