झायनचं 'हमखास परमिट' : 311 डॉलर 99 सेंट पाण्यात

दादा-वहिनी नाशिकहून फिनिक्सला आमच्याकडे आले होते. युटातल्या झायन नॅशनल पार्कला जायचं आणि एंजल्स लँडिंग हा तिथला कडा चढायचाच, हा दादाचा हट्ट. हरिहर किल्ला चढलेल्या माणसाला साखळ्या धरून चढायचं काय कौतुक! पण एप्रिल 2022 पासून तिथे परमिट लागतं, ते लॉटरीने मिळतं आणि आमचा नंबर लागला नव्हता.

सर्चमध्ये सगळ्यात वर 'हमखास परमिट' देणारी साइट आली. वर बायसन आणि डोंगर असलेलं ते सरकारी बोधचिन्ह. कुणालाही खरंच वाटलं असतं. नवरा आयटीत आहे, त्यानेही बघून 'भर' म्हटलं होतं. आता त्याला ते आठवत नाही.

चार परमिटांचे 236 डॉलर, पार्कातल्या शटल बसच्या तिकिटांचे 56, प्रोसेसिंगचे 19.99. खरी लॉटरी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर असते: सहा जणांपर्यंत एका अर्जाला 6 डॉलर, नंबर लागला तर माणशी 3. म्हणजे चौघांचे 18 डॉलर! आणि झायनची शटल फुकट आहे. फुकट!

कार्ड टाकलं तर 'नाकारलं' असं आलं. लगेच चॅटमध्ये कुणीतरी उगवला, 'गेटवे डाउन आहे, या नंबरवर पाठवा.' आपल्या यूपीआयसारखं, थेट खात्यात. नंबर टाकल्यावर नाव आलं ते पार्कचं नाही, कंपनीचंही नाही, एका माणसाचं. ते नाव मी वाचलं. बटणावर बोट ठेवून वाचलं! 'अकाउंटंट असेल,' म्हटलं आणि दाबलं. खाली दहा मिनिटांचं काउंटडाउन पळत होतं, दादा मागून 'झालं का?' विचारत होता. अशा वेळी कोण शहाणपणा करतं? कार्ड चालत नाही म्हणून कुणी नंबर दिला, तर त्यावर एक सेंटही पाठवू नका.

फॉर्मने आमची नावंही विचारली नव्हती. खऱ्या परमिटवर नाव असतं, ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे 'उरलेलं परमिट' विकणारा सरळ चोर समजा.

साखळ्यांच्या अलीकडे स्काउट लुकआउट आहे, तिथपर्यंत परमिटशिवाय जाता येतं, म्हणून तिथवर घाम गाळत पोचलो. रेंजरबाईंनी त्या साइटचा कागद पाहिला, बिचाऱ्या हळूच म्हणाल्या की असे कागद बरेच जण आणतात. चार लोकांसमोर बाजूला उभं राहावं लागलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग बँक. 'तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार?' पोलिसांनी ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. ऑनलाइन तक्रारीला एक लांबलचक नंबर मिळाला, उत्तर नाही. पुन्हा बँकेत फोन, तर पोलिसांचा रिपोर्ट मागतात. पोलीस म्हणतात रक्कम लहान आहे. लहान? तुमच्या खिशातून गेली असती म्हणजे कळलं असतं! प्रत्येक फोनला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी 'आणखी काही मदत हवी का?' आणखी म्हणजे? आधी कुठे केलीत?

चढायच्या आदल्या दिवशीचीही लॉटरी असते: रात्री 12:01 ला सुरू, दुपारी 3 ला बंद, 4 ला निकाल. हे मला कुणी आधी सांगितलं नाही.

ती साइट अजून चालू आहे. आता नॅरोज या झायनमधल्या नदीच्या घळीचंही 'एन्ट्री परमिट' विकतात, माणशी 45 डॉलर. टेम्पल ऑफ सिनावावा या शटलच्या शेवटच्या थांब्याकडून तिथे पाण्यातून वर चालत जायला मुळात परमिट लागतच नाही.